सुकलाल आबांचं बोलणं शोधायला खानदेशात

जानेवारीत माझ्या ओळखीचे सगळे कोकणात जातात. मी या वर्षी माझ्या पंच्याहत्तर वर्षांच्या वडिलांना, साठ ऑडिओ कॅसेटींना आणि एका जुन्या टेपरेकॉर्डरला घेऊन खानदेशात गेले. नाशिकहून धुळे, मग जळगाव, मग भुसावळवरून यावल-फैजपूर आणि तिथून पुढे सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. तीन दिवस, घरची गाडी, चालवणारी मी. मी गाडी चालवते आणि नाना सूचना चालवतात, ही आमची जुनी वाटणी आहे. जाऊन आल्यावर छातीठोकपणे सांगते, थंडीत खानदेशात जाऊन जेवला नाहीत तोवर स्वतःला खवय्ये म्हणवून घेऊ नका. पण आम्ही खायला गेलो नव्हतो. खाणं वाटेत होत गेलं.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांचं धुळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आई गेल्यावर पाच वर्षांपूर्वी ते माझ्याकडे नाशिकला आले, येताना कपड्यांची एक आणि कॅसेटींच्या दोन पेट्या घेऊन आले. त्या कॅसेटी सुकलाल आबांच्या. आबा स्वतः गाणी रचायचे आणि स्वतःच गायचे, अहिराणीतून. हळदीच्या मांडवात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगावच्या जत्रांत. नाना तीस वर्षं स्कूटरवर टेपरेकॉर्डर बांधून त्यांच्या मागे फिरले. आम्हां भावंडांची शाळेची संमेलनं त्यांनी चुकवली, आबांची हळद चुकवली नाही. याचा राग मला बरीच वर्षं होता, आता थोडासाच शिल्लक आहे.

आबा मागच्या जानेवारीत गेले. त्याच्याही आधी बारा वर्षं त्यांचा आवाज गेलेला होता. घशाचं ऑपरेशन झालं आणि नंतर ते पाटीवर लिहून बोलायचे. म्हणजे घरोघरी हातात मोबाईल आले तेव्हा हा माणूस गप्प होता. इंटरनेटवर त्यांची गाणी सापडतात, ती सगळी जुन्या कॅसेटींवरून चढवलेली.

डिसेंबरात अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे आबांच्या पत्नी, कार्यक्रमात त्यांच्या मागे बसून झांज वाजवायच्या. नाना कानाने जरा कमी आहेत, त्यामुळे फोन स्पीकरवर असतो आणि सगळं घर ऐकतं.

"नाना, वर्षश्राद्धले या. आनि एक काम शे. माले गाना नको. गाना मोबाईलमा बी शेत. त्यासनं बोलनं शे का तुमनाकडे? गानाना आधी बोलेत ना, ते?"

"हाई काय इचारनं व्हयनं, अक्का!" नाना म्हणाले. "बठ्ठं शे. साठ कॅसेटी शेत. मी सोता लई येस."

 अक्का म्हणाल्या, "गाना बठ्ठासना शेत, नाना. बोलनं मनं व्हतं. तेरा वरीस व्हयनात आयकं नही."

गाणी सगळ्यांची, बोलणं तेवढं त्यांचं एकटीचं, आणि नानांनी तर 'सगळं आहे' असा शब्द देऊन टाकला होता. त्या एका शब्दासाठी आम्ही निघालो. निघण्याआधी मी विचारलं होतं, एकदा कॅसेटी वाजवून बघायच्या का. टेपरेकॉर्डरच्या आतला रबरी बेल्ट कधीच गळून गेला होता आणि नाशिकमध्ये तो बसवून देणारा माणूस मला काही सापडला नाही. "बघायचं काय त्यात? मीच भरल्यात ना?" असं म्हणून नानांनी विषय मिटवला.

पहिला दिवस: नाशिक ते धुळे, आणि पुढे जळगाव

सकाळी सहाला निघालो. मुंबई-आग्रा हायवे उत्तम आहे, चांदवडचा घाट सोडला तर हात मोकळे सोडून गाडी चालवावी असा. चांदवडला चहा-पोहे, मालेगावला न थांबता पुढे, आणि साडेनऊला धुळं. टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा एवढंच. थंडी असली तरी दहाच्या पुढे ऊन चावतं, तेव्हा टोपी न्या.

जुन्या धुळ्यात पुंडलिक भाऊंचं शिलाईचं दुकान आहे. भाऊ नानांचे दोस्त आणि आबांचे नानांइतकेच वेडे. त्यांच्याकडे चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर होता आणि जुन्या मशीनचे बेल्टही होते. दहा मिनिटांत त्यांनी आमचं मशीन सुरू करून दिलं. कात्री बाजूला ठेवली, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि म्हणाले, "लावा नाना. तुमनी कॅसेट म्हंजे एकदम साफ. धुळा जिल्हामा तसं काम कोनी करं नही."

पहिली कॅसेट लागली. ढोलकी, हार्मोनियम, आणि तो आवाज. मी लहानपणी कंटाळून ऐकलेला, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. "तापी माय, जरासी थांब, मना निरोप लई जाय." पुंडलिक भाऊ मान हलवत होते, नाना डोळे मिटून होते. गाणं संपलं. खट्. लगेच दुसरं गाणं सुरू.

"मधलं बोलणं?" मी विचारलं.

"पुढच्या गाण्याआधी असेल," नाना म्हणाले.

दुसरं गाणं संपलं. खट्. तिसरं.

नानांनी दुसरी कॅसेट लावली, मग तिसरी, मग साक्रीच्या लग्नाची, मग शिरपूरच्या जत्रेची. गाणं, खट्, गाणं. सातव्या कॅसेटीला त्यांनी मशीन बंद केलं आणि आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत बसले.

मग हळूहळू सगळं उलगडलं. तेव्हा कॅसेट साठ मिनिटांची असायची आणि महाग असायची. आबा गाण्यापेक्षा जास्त बोलायचे. म्हणून नानांनी शिस्त लावून घेतली होती, गाणं संपलं की पॉजचं बटन दाबायचं आणि पुढच्या गाण्याचा पहिला सूर लागला की सोडायचं. मोटारीच्या तारा गुंडाळणारा हात, चुकायचा नाही. त्यामुळे नानांच्या कॅसेटीत खोकला नाही, भांडण नाही, माइकची खरखर नाही. आबांचं बोलणंही नाही. पण ते सगळं नानांनी जागेवर बसून ऐकलेलं होतं, म्हणून तीस वर्षांनी त्यांना वाटत होतं की ते कॅसेटीत आहे.

"भाऊ, तुमनाकडे व्हई ना?" नानांनी विचारलं.

पुंडलिक भाऊंनी इंची टेप गळ्यातून काढून हातात घेतली. "नाना, माले कोनी शिकाडं? तुम्हीच ना? गानं सरनं का बटन दाबानं."

पुढे कळलं की भाऊंना एकट्यालाच नाही, धुळ्यापासून चोपड्यापर्यंत आबांच्या गाण्यामागे फिरणाऱ्या प्रत्येक टेपवाल्याला नानांनी ही पद्धत शिकवली होती. पुंडलिक भाऊंनी तिथूनच चार-पाच जणांना फोन लावले. प्रत्येकाचं उत्तर तेच, आणि प्रत्येकजण ते अभिमानाने देत होता. माझं डोकं फिरलं. तापीचं गाणं आमच्याकडे चौदा वेळा आहे. चौदा वेळा तेच गाणं, आणि माणूस एकदाही बोलत नाही. हे मी नानांना तोंडावर म्हणाले. म्हणायला नको होतं.

दुपारी बसस्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. धुळ्यात आलात तर शेवभाजी हॉटेलच्या नावावर जाऊ नका, बाहेर रिक्षावाले जेवत असतील तिथे बसा. दोन माणसांचं पोटभर तीनशेच्या आत होतं. रस्सा लालभडक, वर तेलाची तर्री, जाड शेव शेवटच्या क्षणी टाकलेली. कच्चा कांदा मागून घ्या, नाहीतर रात्रीपर्यंत पाणी पीत राहाल. मी दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या. नानांनी एक पोळी कुस्करली आणि तशीच ठेवली.

"अक्कांना फोन करून सांगून टाकू?" मी विचारलं.

"फोनवर नाही," नाना म्हणाले. "आणि अजून कांतीशेठ आहेत."

कांतीशेठ जळगावचे कापडाचे व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण शेठना अहिराणी गाण्याचं वेड. त्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला आणि दोन्ही मुलींच्या लग्नाला आबा गायले होते. मुख्य म्हणजे शेठना कॅसेटीची काटकसर करायची गरज नव्हती, त्यांनी बटन दाबलंच नसेल. या एका आशेवर आम्ही पारोळा, एरंडोल करत संध्याकाळी जळगाव गाठलं. रस्ता आता चौपदरी आहे, दोन तास पुष्कळ झाले. स्टेशनच्या जवळपास साधे, स्वच्छ लॉज भरपूर आहेत, आगाऊ बुकिंगची गरज पडली नाही.

जेवायला भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. नाशिकला आपण वांग्याचं जे काही करतो त्याला भरीत म्हणू नये. इथे हिरवट पांढरी मोठी वांगी काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचतात, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. थंडीतच मिळतं. हॉटेलवाल्याने नानांची भाषा ऐकली आणि न मागता आणखी वाढलं. तेवढं मात्र नानांनी खाल्लं.

दुसरा दिवस: जळगाव, आणि तापीपलीकडे

कांतीशेठचं दुकान सकाळी दहाला उघडतं. आता गादीवर मुलगा बसतो, शेठ मागच्या खोलीत पेपर वाचतात. नानांना बघून ते उठून उभे राहिले, आम्हांला गादीवर बसवलं, चहा मागवला. नानांनी विचारलं, तुम्ही बटन दाबत नव्हतात ना.

"छे! मी कशाला दाबू? लावून द्यायचो आणि पाहुण्यांत जाऊन बसायचो. पाच कॅसेटी होत्या, अखंड. बोलणं, हसणं, पंगतीचा आवाज, सगळं."

नाना सरळ बसले. "कुठे आहेत?"

शेठ माझ्याकडे बघायला लागले, मग नानांकडे. त्यांना सांगणं जड जात होतं हे दिसत होतं. "नाना, आपल्यालाच दिल्या होत्या. आपण म्हणालात, फार गोंगाट आहे, साफ करून देतो. साफ करून आणून दिल्यात. त्याच कॅसेटींवर, नुसती गाणी परत भरून."

कपाटातून त्यांनी पाचही कॅसेटी काढून दाखवल्या. प्रत्येकीवर नानांच्या सुबक अक्षरात गाण्यांची यादी होती, खाली लाल शाईने "साफ" लिहिलेलं.

शेठनी आम्हांला जेवल्याशिवाय सोडलं नाही, पण ते जेवण काय होतं ते मला आज आठवत नाही. दुपारी भुसावळकडे निघालो. नाना एक शब्द बोलले नाहीत, सूचनासुद्धा नाही. मी चुकीच्या लेनमध्ये गेले तरी नाहीत. भुसावळ ओलांडून तापीचा पूल आला. खाली पाणी भरपूर होतं.

"गाडी थांबव," नाना म्हणाले.

पूल संपल्यावर बाजूला घेतली. ते म्हणाले, "मी येत नाही. इथून एस्टीने परत जातो. तू जा, कॅसेटी देऊन ये."

"आणि अक्कांना काय सांगू?"

"सांग, नानाची तब्येत बिघडली."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. तीस वर्षं ज्या माणसाने कोणाला गाण्याच्या एका सुराची तडजोड करू दिली नाही, तो आता पळून चालला होता. मी म्हणाले, "नाना, तुमच्या तोंडून हो गेलंय. नाहीसुद्धा तुमच्याच तोंडून जायला पाहिजे. मी गाडी वळवणार नाही आणि एस्टीचा थांबा इथे नाही." थांबा कुठे होता हे मला ठाऊक नव्हतं, पण माझा आवाज ठाम होता. नानांनी पट्टा परत लावला.

यावलच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसती केळी. पंधरा-वीस किलोमीटर दुसरं काही दिसत नाही. रस्ता अरुंद, समोरून केळीचे ट्रक येतात, त्यांना वाट द्या, ते तुम्हांला देणार नाहीत. फैजपूरला केळीचे वेफर्स डोळ्यांसमोर तळून देतात. एक किलो घेतले, गाडीतच संपायला लागले. इकडची बोली ऐकायला मजा येते, धुळ्याचं "शे" इथे हरवतं आणि बोलणं वेगळंच वळण घेतं. वेफर्सवाल्याने विचारलं, "कुठी जाऊ राह्यले काका?" सुकलाल आबांचं गाव म्हटल्यावर त्याने मूठभर वेफर्स जास्त टाकले. मुक्कामाला येणाऱ्यांनी फैजपूरला राहावं, पुढे सोय नाही.

तिथून उत्तरेला सातपुडा जवळ येत जातो. केळी संपते, कोरडवाहू रान सुरू होतं, कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या असतात. आबा आणि अक्का मूळचे साक्रीकडचे. तरुणपणी केळीच्या कामाला इकडे आले आणि इथलेच झाले. चारच्या सुमाराला आम्ही त्यांच्या अंगणात पोचलो. मांडव घालणं चाललं होतं. अक्का लसूण सोलत बसल्या होत्या. बारीक चणीची बाई, डोक्यावर पदर, हात मात्र मोठे.

"या नाना. या माय," त्या म्हणाल्या. मग कॅसेटींच्या पेट्यांकडे बघितलं आणि लसणाचं ताट बाजूला सारलं. बोलणं आणलंत का, या अर्थाने विचारलं, "लई उनात?"

नाना खाटेवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "अक्का, मी खोटं बोलनू. बोलनं एक बी कॅसेटमा नही शे. गानं सरनं का मी बटन दाबी टाकू. दुसरासनं व्हतं, ते बी मी पुसी टाकं."

अक्कांनी विचारलं, "कसाले?"

"कॅसेटमा गाना माईत नही, म्हनीसन." मग नाना हळू आवाजात म्हणाले, "माले वाटे, बोलनं तं आबा उद्या बी बोलतीन."

अक्कांनी ताट परत ओढलं आणि लसूण सोलायला लागल्या. थोड्या वेळाने त्या मला म्हणाल्या, "माय, चुलावर चहा शे, तुना बाले दे." एकच पाकळी त्या दोनदा सोलत होत्या. मी चहा आणला. त्या रात्री शेजारच्या घरी आमची झोपायची सोय होती. नाना जेवले आणि लगेच झोपले, निदान डोळे तरी मिटले.

तिसरा दिवस: मांडव

सकाळी विधी उरकले आणि नऊपासून माणसं यायला लागली. पिकअपमधून, मोटरसायकलवर, धुळ्याहून एक जीप भरून पुंडलिक भाऊ आणि मंडळी. दोनशे तरी असतील. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. कोणी भाषण करायचं नाही असं अक्कांनी आधीच बजावलं होतं, त्यामुळे कार्यक्रम सुंदर झाला. ज्याला जे गाणं येत होतं ते त्याने म्हटलं. सुरात कोणीच नव्हतं, पण शब्द कोणाचा चुकत नव्हता.

मग नानांची कॅसेट लावायचं ठरलं. माइक टेपरेकॉर्डरपुढे धरला. साक्रीच्या लग्नाची कॅसेट. आबांचा आवाज मांडवभर पसरला तेव्हा पुरुषांच्या बाजूला बरेच जण खाली मान घालून बसले. गाणं संपलं. खट्. पुढच्या गाण्याची ढोलकी सुरू होणार एवढ्यात नानांनी मशीन बंद केलं.

मला वाटलं, कॅसेट अडकली. नाना उभे राहिले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आठे, हाई जागावर, आबा बोलनात. मी ते कापी टाकं. पन काय बोलनात, ते सांगस."

आणि बोलायला लागले. "मंडळी, आज सकायमा मनी घरवालीनी माले इचारं, कोठे जातस? मी सांगं, गाना म्हनाले. ती म्हने, घरमाच म्हना ना मंग, आमी फुकटमा आयकसू."

लोक हसले. बायकांच्या बाजूने अक्कांचा आवाज आला, "नाना, सकायमा नही. दुपारमा. सकायमा ते उठेतच नही."

आणखी मोठा हशा. नाना म्हणाले, "बरं, दुपारमा," आणि पुढचं गाणं लावलं. ते संपलं, खट्, परत मशीन बंद. परत आबांचं बोलणं. नानांचा आवाज आबांसारखा नाही, फाटका आहे, दमही पुरत नव्हता. पण थांबण्याची जागा, शब्द लांबवण्याची जागा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मी बघत राहिले. माझा वाढदिवस या माणसाच्या लक्षात राहत नाही.

तिसऱ्या गाण्यानंतर नानांनी मागे बोट दाखवलं, जिथे कोणीच बसलेलं नव्हतं. "आनि देखा मंडळी, ती मांगे बठेल शे ना, झांजवाली, ती मनी घरवाली शे. मी गानामा चुकनू का ती झांज जोरमा वाजाडस. तुमले समजाले नको म्हनीसन."

नाना थांबले. आबा इथे थांबायचे, म्हणून तेही थांबले. लोक हसायच्या तयारीत होते.

"हात दुखी गयात मना आज!" अक्का म्हणाल्या.

आवाज खणखणीत होता, आदल्या संध्याकाळचा नव्हता. आजूबाजूच्या बायका चमकून त्यांच्याकडे वळल्या. जुनी माणसं एकदम ओरडली, "हां! असंच म्हनेत!" आणि मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. तीस वर्षांपूर्वी साक्रीला याच जागी लोक हसले असणार. अक्कासुद्धा हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. मी रडत होते हे मला पुंडलिक भाऊंनी रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.

पुढे दीड तास हेच चाललं. एक गाणं कॅसेटीतून, मधलं बोलणं नानांच्या तोंडून आणि उत्तर अक्कांचं. दोनदा अक्कांनी नानांना थांबवून दुरुस्त केलं, एकदा नाना हटून बसले की आबा असंच म्हणाले होते आणि दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी तुपात बुडवून खातात, मोजायची नाही.

निघताना अक्का गाडीपर्यंत आल्या. नाना म्हणाले, "अक्का, आवाज तं भेटना नही."

"नही भेटना," अक्का म्हणाल्या. त्यांनी त्यात साखर घातली नाही. मग म्हणाल्या, "पन माले वाटे, मांगे बठीसन मी काय बोलू ते बी मी इसरी गयी."

परतीच्या वाटेवर, तापीच्या पुलावर, मी नानांना विचारलं की हे सगळं पाठ कसं.

"अगं, बटन कधी सोडायचं ते कळायला बोलणं कुठे संपतंय ते ऐकावं लागायचं ना. गाणं चालू असताना मी निवांत असायचो. बोलणं सुरू झालं की अंगठा बटनावर आणि सगळा जीव कानात." इतकं सांगून त्यांनी मला सांगितलं की मी दुसऱ्या गिअरमध्ये फार वेळ चालवते.

घरी

येऊन तीन आठवडे झाले. गाडीत अजून वेफर्सचे तुकडे सापडतात. तुम्ही जाणार असाल तर तीन दिवस पुरतात, फेब्रुवारी संपायच्या आत जा, भरीत मिळेल. पेट्रोल, मुक्काम, खाणं धरून दोघांना फार खर्च आला नाही. आबांच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. अक्कांना गर्दी नको आहे.

माझा शाळेच्या संमेलनांचा राग संपला का, असं मला भावाने विचारलं. नाही संपला. पण नाना तिथे बसून काय करत होते हे आता मला माहीत आहे, आणि ते मला आवडलं.

आता दर दोन-चार दिवसांनी अक्कांचा फोन येतो. "ते शिरपूरना जत्रानं सांगा," असं त्या म्हणतात, नाना खुर्चीतून उठून उभे राहतात आणि सांगतात, अक्का मधेच त्यांना दुरुस्त करतात. परवा मात्र त्या म्हणाल्या, आज मी सांगते, तुम्हांला ठाऊक नसलेलं, आबा घरात बोलायचे ते. नानांनी मला खुणेने बोलावलं. "अक्का, रेखा मोबाईलमा भरी ली का?" "भरी ल्या," अक्का म्हणाल्या. मी माझा फोन त्यांच्या फोनशेजारी ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. अक्कांनी आबांची गंमत सांगितली, दोघंही हसले, गोष्ट संपली. मग अक्का नेहमीच्या आवाजात विचारायला लागल्या, नाशिकला थंडी किती आहे, गुडघ्याला तेल लावता की नाही, यंदा तुमच्याकडे मेथी काय भावाने आहे.

मी बटन दाबायला हात पुढे केला. नानांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "चालू राहू दे."